भुईतला मूग, सड्यावरचा मूग

मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये भात कापून झालं की सगळेच मळे रिकामे पडत नाहीत. कुठे कुळीथ पेरतात, कुठे चवळी. माती रेवाळ असेल आणि व्हाळाचं नाहीतर विहिरीचं पाणी हाताशी असेल, तिथे एखाद-दुसरा कुणगा भुईमुगाचा असतो. माझं लहानपण अशाच एका कुणग्याच्या मेरेवर गेलं. पिवळी फुलं सकाळी उमलायची, दुपारच्या उन्हात मलूल व्हायची, आणि काही दिवसांनी त्यांच्या बुडाशी जांभळट टोकाचा एक बारीक देठ दिसायचा. बाकी झाडांचे कोंब उजेडाकडे जातात. हा सरळ खाली वळायचा. ‘आऱ्या सुटल्या’ असं म्हणत घरची माणसं त्या दिवसापासून कुणग्यात पाय ठेवू देत नसत. एकदा मी कुणाचं लक्ष नाहीसं बघून बोटाने माती उकरली होती. आरी दोन बोटं खोल गेलेली, तिचं टोक आडवं वळून फुगलेलं, आणि तो फुगवटा म्हणजे पांढरी, लुसलुशीत, करंगळीच्या नखाएवढी शेंग. हाताला ती सुटून आली. घाबरून मी ती पुन्हा मातीत खोचली, वर माती दाबली, चार दिवस पाणी घातलं. ती वाढली नाही.

“आजी गे, ह्येका भुईमूग कित्याक म्हणतत?” मी त्याच वर्षी विचारलं होतं.

“भुयेत लागता म्हणान,” आजी म्हणाली. “वयल्या मुगाचो हो भाव.”

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मूग आणि भुईमूग सख्खे भाऊ नव्हेत. दोघंही शेंगवर्गीय कुळातले, एवढंच. मूग इथला, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. पण काजू, मिरची, अननस, पेरू यांच्यासारखंच हे परकं पीक जेव्हा आपल्या शेतात आलं, तेव्हा मराठी माणसाने त्याला ओळखीच्या धान्याचं नाव दिलं आणि घरात घेतलं. भुईमुगाच्या कुळावरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा आजीचं ते वाक्यच पहिल्यांदा आठवलं. माझं म्हणणं त्या वाक्याच्याच आसपास फिरणार आहे: भुईमुगाचे रानातले आप्त हजारो कोस दूर आहेत आणि तरी त्यांच्याच जोरावर आपलं पीक उभं आहे, मुगाचे रानातले आप्त मात्र आपल्या घरामागच्या सड्यावर आहेत, आणि त्यांच्याकडे आपण बघत नाही.

आधी भुईमुगाचं माहेर. अरॅकिस या प्रजातीत आज ८०हून अधिक जाती मोजल्या जातात आणि त्या सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या: ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना, उरुग्वे. अर्जेंटिनाचे अँतोनियो क्रापोविकास आणि अमेरिकेचे वॉल्टन ग्रेगरी या दोघांनी त्या रानांतून वर्षानुवर्षं फिरून १९९४ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ६९ जातींचं वर्णन आहे. यातली प्रत्येक जात शेंग जमिनीतच धरते. रानटी शेंग आपल्या शेंगेसारखी भरदार नसते. एकेक दाण्याची छोटी कुपी, मग दोऱ्यासारखा लांब बारीक सांधा, मग दुसरी कुपी. शेंग उपटायला गेलं की सांधा तुटतो आणि दाणा मातीतच राहतो. आपल्या शेतातल्या भुईमुगाने हा सांधा टाकून दिला. झाड उपटल्यावर शेंगांचा घोस आख्खा वर यावा, अशी माणसाची इच्छा हजारो वर्षं निवडीतून त्या झाडात उतरत गेली.

जमिनीत बी पुरणाऱ्या झाडाची एक मोठी अडचण असते. वारा त्याचं बी नेत नाही, पाखरू नेत नाही. ओढ्याला पूर येऊन काठ वाहून गेला तर गोष्ट वेगळी, एरवी अशी जात वर्षाकाठी फार तर हात-दोन हात पुढे सरकते. त्यामुळे रानटी भुईमुगाच्या जाती एकेका नदीच्या खोऱ्यात अडकून पडल्या, एकमेकींना न भेटता. आणि इथेच आपल्या पिकाच्या जन्माचं कोडं होतं.

पेशीतल्या गुणसूत्रांची मोजदाद केली की रानटी जातींपैकी बहुतेकांत ती २० भरतात. शेतातल्या भुईमुगात भरतात ४०. म्हणजे कधीतरी दोन वेगळ्या जातींचा संकर झाला आणि त्यांचे गुणसूत्रसंच दुप्पट होऊन एकाच झाडात कायमचे नांदायला लागले. १९३०च्या दशकातच हस्टेड या संशोधकाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं की ४०मधली एक जोडी बाकीच्यांपेक्षा ठळकपणे लहान आहे. त्या जोडीच्या खुणेवरून पुढे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संच मानले गेले. ‘अ’ संच देणारी जात अरॅकिस ड्युरॅनेन्सिस, वायव्य अर्जेंटिना आणि लगतच्या बोलिव्हियात सापडणारी. ‘ब’ देणारी अरॅकिस इपाएन्सिस. तिचं नाव ज्या ईपा गावावरून पडलं ते दक्षिण बोलिव्हियात आहे, आणि शास्त्रज्ञांच्या हाती आलेलं या जातीचं बी त्या एकाच ठिकाणाहून गोळा केलेलं आहे. एका ठिकाणचं मूठभर बी, आणि अर्ध्या जगाच्या तेलाच्या घाण्याला लागणाऱ्या पिकाचा अर्धा वारसा त्यात!

२०१६ साली डेव्हिड बर्टिओली आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही रानटी जातींचा संपूर्ण जनुकसंच वाचून ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या संस्थेचे शास्त्रज्ञही त्या कामात होते. इपाएन्सिसचा संच आणि शेतातल्या भुईमुगाचा ‘ब’ संच शेजारी ठेवले तर ते ९९.९६ टक्के जुळले. इतकं जुळणं म्हणजे दूरचं नातं नव्हे. ईपाची ती झाडं आणि भुईमुगाची ‘ब’ बाजूची जन्मदाती एकाच वस्तीतली. फरकाच्या प्रमाणावरून त्यांनी काळ काढला तो सुमारे ९,४०० वर्षांचा. इपाएन्सिसच्या बाकी जवळच्या नातलग जाती पुष्कळ उत्तरेला आढळतात. वर्षाला हातभर सरकणारं झाड तिथून ईपापर्यंत आपल्या पायाने येणं शक्य नाही. कुणीतरी, शेतीच्या अगदी पहिल्या प्रहरातल्या माणसांनी, ते बी आपल्यासोबत दक्षिणेला नेलं, झोपडीजवळ लावलं, आणि त्या परसात इपाएन्सिसच्या फुलावरून एखादी मधमाशी ड्युरॅनेन्सिसच्या फुलावर बसली.

मला या घटनेपाशी थांबावंसं वाटतं. भुईमुगाच्या फुलात परागीभवन बहुधा आपल्याआपणच होतं. मधमाशीने एका जातीचा पराग दुसऱ्या जातीवर नेऊन टाकणं हा क्वचितचा प्रसंग. त्यातून होणारी संतती सहसा वांझ. गुणसूत्रांचे संच अपघाताने दुप्पट झाले तरच ती फळते. हे सगळं एका झाडात जुळून आलं आणि त्या झाडाच्या शेंगा कुणाच्या तरी हाती पडल्या. पेरूच्या न्यांचोक खोऱ्यात सापडलेली भुईमुगाची टरफलं साडेआठ हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्याच देशात सिपान इथे १९८७ साली उघडलेल्या मोचे राजाच्या थडग्यात त्याच्या छातीवर भुईमुगाच्या शेंगांचा हार होता: दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या, प्रत्येकीवर टरफलाची जाळी जशीच्या तशी कोरलेली. आंगणेवाडीच्या जत्रेत गरम वाळूत परतलेले शेंगदाणे कागदाच्या पुडीत घेताना तो हार मला आठवतो आणि हातातल्या पुडीचं मोल वाढतं.

पण त्या भाग्यवान जन्माची एक किंमत आहे आणि ती शेतकरी आजही मोजतो. ४० गुणसूत्रांचं झाड आपल्या २० गुणसूत्रांच्या रानटी आप्तांपासून त्या दिवशीच तुटलं. त्यांच्यात पुन्हा संकर झालाच तर संततीत ३० गुणसूत्रं येतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि झाड वांझ राहतं. म्हणजे जगभरचा भुईमूग, उपट्या असो, निमपसऱ्या असो की पसऱ्या, लाल सालीचा असो की गुलाबी, बहुतांशी एकाच छोट्या घराण्याचा विस्तार. बाहेरून रक्त आलंच नाही. पानांवर टिक्का पडला, तांबेऱ्याचे नारिंगी फोड उठले, की त्यांना तोंड देणारा गुण या घराण्यात शोधूनही फारसा सापडत नाही.

यावर आपल्याकडे दोन वाटांनी काम झालं. एक वाट मुंबईची. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात स्पॅनिश इम्प्रूव्हड या वाणाच्या दाण्यांवर क्ष-किरण सोडून त्यातून बदललेली झाडं निवडली गेली. विविधता कमी आहे ना, मग बियातच ती निर्माण करू, असा तो विचार. त्या कामातला ‘टीजी-१’, म्हणजे ‘विक्रम’, १९७३ साली शेतकऱ्यांपर्यंत आला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर ‘टॅग-२४’ आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाबरोबर टपोऱ्या दाण्याचा ‘टीकेजी-१९अ’ तयार झाला. त्यातल्या ‘के’चा अर्थ कोकण. जळगावच्या ‘फुले प्रगती’चीही इथे आठवण केली पाहिजे. ‘जेएल-२४’ या नावाने तो वाण आफ्रिकेत पोचला आणि मलावीत ‘काकोमा’ म्हणून पेरला जातो. बियाणं किती लांबचा प्रवास करतं!

दुसरी वाट रानातून जाते, आणि या पुस्तकाचा जीव त्याच वाटेत आहे. बोलिव्हियातून गोळा केलेली अरॅकिस कार्डेनासी ही २० गुणसूत्रांची जात टिक्का आणि तांबेरा या दोन्हींना दाद देत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात तिचा शेतातल्या भुईमुगाशी संकर केला गेला. अपेक्षेप्रमाणे वांझ, ३० गुणसूत्रांची झाडं आली. त्यांच्यावर कोल्चिसीन हे द्रव्य लावून गुणसूत्रं दुप्पट केली, ६० झाली, झाड फळलं. मग पिढ्यानपिढ्या शेतातल्या भुईमुगाशी पुन्हा पुन्हा जुळवत, जास्तीची गुणसूत्रं गळत गळत संख्या ४०वर आली. रानटी जातीचे मोजकेच तुकडे त्यात उरले, आणि त्या तुकड्यांत रोगाला अडवणारा गुण होता. कोल्चिसीन म्हणजे कुठलं तरी परदेशी रसायन असं वाटेल, पण पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आहे ना, तिच्या कंदात आणि बियांत तेच विष असतं. कळलावीला हात लावू नको म्हणून आपल्या आया दटावतात त्याचं कारण तेच.

या संकराचं बी इक्रिसॅटला आलं, तिथून देशोदेशी गेलं. २०२१ साली बर्टिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला तेव्हा कार्डेनासीच्या त्या एकाच नमुन्याचे अंश जगातल्या तीसेक देशांच्या भुईमुगात सापडले. आपल्या शेजारच्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा ‘जीपीबीडी-४’ हा वाण त्याच वंशातला. सीमाभागात एखाद्या शेतात शेजारचा कुणगा तांबेऱ्याने करपलेला आणि हा मात्र शेंगा भरेपर्यंत हिरवा दिसतो, तेव्हा त्या हिरवेपणामागे बोलिव्हियातलं एक रानरोप उभं असतं. फवारणीचे वाचलेले पैसे, जनावरांना मिळालेला हिरवा पाला, हे त्या रोपाचं देणं आहे. त्या देण्याची परतफेड बोलिव्हियातल्या त्या माणसांना कशी व्हावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. १९९३ साली अमलात आलेल्या जैवविविधता करारानंतर प्रत्येक देशाचा आपल्या रोपांवरचा हक्क मान्य झाला, ते न्याय्यच झालं. पण बियाण्याची देवघेव त्यानंतर मंदावली हेही खरं. पिकांच्या बियाण्यांची देवघेव सोपी करणारा जो पुढचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत भुईमूग नाही. ही उणीव मला फार सलते. ज्या पिकाला आप्तांची एवढी गरज आहे त्याच्याच आप्तांची दारं सगळ्यांत घट्ट लागलेली आहेत.

आता आजीच्या ‘वयल्या मुगा’कडे येतो. पुस्तक भुईमुगाचं आहे हे मला ठाऊक आहे. तरी मालवणात बसून हे लिहायचं आणि मुगाबद्दल गप्प राहायचं, हे मला जमणार नाही.

मुगाचा रानातला पूर्वज, रानमूग, भारतात पुष्कळ ठिकाणी आहे. सह्याद्रीत आहे, कोकणात आहे. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर, कातळाच्या खळग्यांत जिथे चार बोटं माती साठते तिथे, किंवा गडग्याच्या आडोशाला, गवताला विळखे घालत त्याचा बारीक वेल चढतो. फूल पिवळं, शेंगा करंगळीहून बारीक, पिकल्या की काळ्या. मुगाला भुंगा लागतो हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आमच्याकडे मूग उन्हं दाखवून, राख चोळून ठेवत, तरी वैशाखात डब्यात पीठ आणि भोकं. या भुंग्याला दाद न देणारा मूग शास्त्रज्ञांना मिळाला तो रानमुगातच, ‘टीसी १९६६’ या नमुन्यात. तो मादागास्करमधून गोळा केलेला होता. हे वाचलं तेव्हा मी आमच्या सड्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. तिथल्या रानमुगात काय आहे ते कुणी तपासायच्या आत सडाच राहिला नाही तर? चिऱ्याच्या खाणी आमच्या डोळ्यांदेखत वाढल्या. एकेका खाणीचं चौकोनी भगदाड पावसात तांबड्या पाण्याने भरतं आणि त्याच्या काठावर मातीच उरत नाही. घरं बांधायला चिरा लागतो, माझंही घर चिऱ्याचंच आहे. पण निदान खाण पडण्याआधी त्या सड्यावर काय उगवतं याची कुणी वहीत नोंद करावी, बी वेचून ठेवावं, एवढं तर व्हायला हवं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं नावाजली गेली, त्यांना जपायला हवं हे लोकांना पटलं. त्याच कातळाच्या फटीतल्या वेलाचं मोलही तसंच पटवता येईल, असा माझा विश्वास आहे.

कारण शोध अजून संपलेले नाहीत. २०१४ साली राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी मुगाच्या गोतातली एक नवी जात नोंदवली, तिचं नाव विग्ना कोंकणेन्सिस. नावातच कोकण! आणि सह्याद्रीत सापडलेली आणखी एक नवी जात, विग्ना यादवी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. आर. यादव यांच्या नावाने ओळखली जाते. तिचं वर्णन वाचताना मी खुर्चीवरून उठलो होतो. या झाडाला वर, वेलावर, नेहमीसारखी फुलं येतात आणि शेंगा धरतात. शिवाय त्याच्या काही फांद्या खाली वळून मातीत शिरतात, तिथे कधी न उमलणारी फुलं धरतात आणि जमिनीतच शेंगा तयार होतात. मुगाच्या गोतातलं झाड, सह्याद्रीतलं, आणि भुईत लागणारं. आजी असती तर तिला मी हे सांगितलं असतं. ती काय म्हणाली असती तेही मला माहीत आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी शाळेतल्या काही मुलांना घेऊन सड्यावर गेलो होतो. रानमूग दाखवला. एक पिकलेली काळी शेंग एका मुलीने तोडून मुठीत धरली, तर मुठीच्या उबेने ती आतल्या आत पिळवटून तडकली आणि दाणे उडाले. तिने दचकून हात झटकला. मग खाली बसून ते दाणे वेचले. मोहरीहून थोडे मोठे, काळपट, खरबरीत. सगळे नाही मिळाले. मी तिला भुईमुगाच्या आऱ्यांची आणि सह्याद्रीतल्या त्या नव्या वेलाची गोष्ट सांगितली होती, म्हणून तिने विचारलं, “सर, ह्येच्यापण भुयेत असतले?”

“उकरून बघ,” मी म्हटलं.

तिने बोटाने हळूच माती सारली. शेंग नव्हती. बारीक मुळांना मणी ओवल्यासारख्या गाठी होत्या. त्यातली एक तिने नखाने चिरली, आणि आतला गुलाबी रंग बघायला बाकीची मुलं तिच्याभोवती वाकली.